सुकाणू धरणार कोण?

शिडाची छोटी होडी एकट्याने लांबवर न्यायची, तर सुकाणू दिवसरात्र धरणार कोण, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. झोपायचे असते, स्वयंपाक करायचा असतो, फाटलेले शीड शिवायचे असते. छोट्या होड्यांचे मालक म्हणूनच सुकाणू आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेवर आयुष्यभर खटपट करतात आणि आपापल्या क्लृप्त्या एकमेकांना सांगतात.

विजेवर चालणारी यंत्रे मिळतात, पण ती बॅटरी खातात आणि खाऱ्या पाण्यापुढे फार टिकत नाहीत. जुना उपाय वाऱ्याचाच. हवामान वेधशाळेत वातकुक्कुट वाऱ्याची दिशा दाखवते. होडीच्या पिछाडीला बसवलेल्या पात्याला त्यापुढचे कामही करावे लागते. प्लायवूडचे हे हलके पाते वाऱ्याकडे धार करून उभे ठेवतात. होडी भरकटली की वारा त्याच्या सपाट अंगावर आदळतो आणि ते कलंडते. एवढ्याशा जोराने सुकाणू हलत नाही. म्हणून पाते फक्त पाण्यात लोंबणाऱ्या एका वल्ह्याला किंचित पिळते. पुढचे पाणी करते. तिरप्या झालेल्या वल्ह्याला प्रवाह बाजूला रेटतो, त्याला बांधलेल्या दोऱ्या कप्प्यांवरून सुकाणूचा दांडा ओढतात आणि होडी पूर्ववत होते. होडीचा वेग वाढेल तशी ही ओढही वाढते. खोट एकच: यंत्रणा वाऱ्याशी असलेला कोन सांभाळते, होकायंत्राची दिशा नाही. वारा फिरला की होडीही निमूट फिरते.

वैमानिकाला हे नवे वाटणार नाही. विमानाच्या शेपटीवरची इवलीशी ट्रिम पट्टी हवेच्याच जोरावर मोठा पृष्ठभाग हलवते आणि वैमानिकाचे हात मोकळे करते. शीड तर उभा पंखच आहे. त्याच्या दोन बाजूंवरच्या दाबातल्या फरकाने होडी ओढली जाते. पाण्याखालचा कणा तिला आडवी सरकू देत नाही, म्हणून ती पुढे जाते.

यंत्र मोडले तर? रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ३२ फुटी ‘सुहेली’वर तेच घडले. ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली. १९६८ साली फालमथहून निघाल्यावर ऑस्ट्रेलियापर्यंत येता येता तिची स्वयंचलित यंत्रणा निकामी झाली. मग त्यांनी शिडे अशी ताणली-सैलावली की नौका बहुतांशी आपला तोल आपणच राखू लागली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले ठरले.

त्या सफरीच्या स्मरणार्थ २०१८ साली झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी गोव्यात ‘सुहेली’च्या नमुन्यावर ‘थुरिया’ बांधली गेली. तिच्यावर होते अभिलाष टॉमी, नौदलातले टेहळणी विमानांचे वैमानिक. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. २०२२ मध्ये ते ‘बायनात’ ही ३६ फुटी नौका घेऊन पुन्हा उतरले. या शर्यतीत आधुनिक उपकरणांना मज्जाव असल्याने भिस्त पात्यावरच. वाटेत ती यंत्रणा मोडल्यावर त्यांनी शौचालयाचे दार कापून तिची दुरुस्ती केली आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने फ्रान्सचा किनारा गाठला.