हरिहरेश्वर : ओहोटीची वेळ आणि तीन दिवसांची सवड

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी सह्याद्री उतरून जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे रायगड जिल्ह्याची दक्षिण सीमा संपते. नदीमुखाच्या उत्तर अंगास, हरिहर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री व पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या आश्रयाने श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे लहानसे गाव वसले आहे. भाविक त्यास दक्षिण काशी म्हणतात. मुंबईहून हे अंतर सुमारे २०० किलोमीटर असून पुण्याहून ताम्हिणी घाटाने ते त्याहून काहीसे कमी पडते. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी माणगावला उतरून म्हसळामार्गे पुढे यावे.

शनिवारी दुपारी पोहोचून रविवारी दर्शन व समुद्रस्नान आटोपावे आणि सोमवारी दुकान उघडण्यासाठी रातोरात परतावे, असाच बहुतेक कुटुंबांचा शिरस्ता असतो. अशा धावपळीत देऊळ आणि वाळू एवढेच पाहून होते. वास्तविक, गावाभोवतीच्या तीस-चाळीस किलोमीटरांत हजार वर्षांचा इतिहास आणि कोकण किनाऱ्याचा एक अत्यंत देखणा पट्टा सामावलेला आहे. मात्र तो पाहावयाचा तर तीन दिवसांची सवड हवी, आणि त्यातील पहिल्या दिवसाचा बेत घड्याळाऐवजी समुद्राच्या वेळेवरून ठरवावा लागतो.

प्रदक्षिणेचा मार्ग

गावात काळभैरव व हरिहरेश्वर अशी दोन मुख्य मंदिरे आहेत. प्रथम काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे आणि शेवटी पुन्हा काळभैरवाचे, असा येथील क्रम आहे. हे स्थान पेशव्यांच्या भट घराण्याचे कुलदैवत. ब्रह्मा, विष्णू, महेश व पार्वती यांची येथे एकत्र पूजा होते.

मंदिरामागून प्रदक्षिणेचा मार्ग सुरू होतो. पायऱ्यांनी टेकडी चढून माथ्यावर आले की समोर अथांग समुद्र पसरलेला दिसतो. तेथून दोन उभ्या कड्यांमधील अरुंद फटीतून पायऱ्या थेट लाटांच्या पातळीवर उतरतात. खाली काळ्या बेसॉल्ट खडकाची विस्तीर्ण फरसबंदी आहे. लाटांनी शतकानुशतके टेकडीचा पाया झिजवून ती तयार केली. कड्याच्या भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते, ती कोणा कारागिराची नाही. समुद्राचे तुषार खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, पाणी उडून जाते, मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचा कण कण सुटत जातो. हा क्रम आजही चालूच आहे.

टेकडीला वळसा घालून मार्ग पुन्हा गावाशी येऊन मिळतो. पूर्ण ओहोटीच्या वेळी हा फेरा सुखाने होतो. भरती लागली म्हणजे मात्र तीच फरसबंदी पाण्याखाली जाते. एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस लाट अशी स्थिती झाली की माणसाला हटावयास जागा राहत नाही. शेवाळलेल्या खडकावर पाय घसरून अथवा अचानक आलेल्या लाटेने ओढले जाऊन येथे पर्यटकांचे प्राण गेलेले आहेत. छायाचित्रासाठी कडेच्या खडकावर उभे राहण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात तर या मार्गाचा विचारही करू नये.

तिथीवरून भरतीची वेळ

ओहोटीची वेळ ओळखण्याचा एक जुना हिशेब किनाऱ्यावरील कोळी व आगरी मंडळींना तोंडपाठ असतो. त्या पक्षातील तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ येते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, चतुर्दशीस साडेदहा. दिवसाच्या दोन्ही भागांना हाच हिशेब लागू पडतो. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. म्हणजे चतुर्थीच्या सकाळी नऊच्या सुमारास, पंचमीस दहाच्या सुमारास पाणी सर्वांत मागे गेलेले असते. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असते. त्या दिवसांत भरती फार चढते आणि ओहोटीही फार दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फारसे चढत नाही, तसे फारसे ओसरतही नाही. अष्टमी-चतुर्दशीच्या तिथी ज्या घरांत पाळल्या जातात, त्यांना हे गणित अवघड वाटणार नाही. तरीही हा हिशेब केवळ बेत आखण्यापुरता वापरावा. प्रत्यक्ष उतरण्यापूर्वी मंदिर परिसरातील स्थानिकांना विचारावे आणि पाणी ओसरत असतानाच फेरा सुरू करावा.

खाडीचे दोन काठ

दुसरा दिवस सावित्रीच्या खाडीसाठी राखून ठेवावा. हरिहरेश्वरहून काही किलोमीटरवर बागमांडला हा धक्का आहे. तेथून फेरीबोटीत मोटारीसह चढावे, म्हणजे थोड्याच वेळात पलीकडील वेश्वीच्या धक्क्यावर, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात उतरता येते.

नदीमुखावर पहारा करीत उभा असलेला बाणकोटचा किल्ला आकाराने लहान आहे, पण मोक्याचा आहे. महाडकडे जाणाऱ्या जलमार्गाचे हे दार होते. आंग्र्यांच्या ताब्यात असताना त्यास हिम्मतगड म्हणत. १७५५ साली पेशवे व इंग्रज यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध हातमिळवणी केली, तेव्हा तो इंग्रजांकडे गेला आणि त्याचे फोर्ट व्हिक्टोरिया असे नामकरण झाले. मराठ्यांचे आरमार मोडण्यास पेशव्यांनीच परक्यांचे साहाय्य घेतले, हा इतिहासातील कटू अध्याय या तटावर उभे राहिले असता अधिकच बोचतो. तटावरून समोर हरिहरेश्वरच्या टेकड्या स्पष्ट दिसतात. आपल्या कुलदैवताच्या समोरचाच किल्ला पेशव्यांनी इंग्रजांच्या हाती जाऊ दिला होता.

बाणकोटच्या पुढे वेळास हे गाव लागते. नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. सिद्दीच्या जाचाने श्रीवर्धन सोडावे लागलेल्या बाळाजी विश्वनाथ भट यांना खाडीपलीकडील याच भानूंनी आश्रय दिला आणि पुढे तेही त्यांच्याबरोबर देशावर गेले, असे सांगितले जाते. १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजींना पेशवेपद दिल्यावर भानूंकडे फडणिशी आली. संकटातील सोबत्याला उत्कर्षात विसरावयाचे नाही, हा व्यवहार दोन्ही घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळला. १८०० साली नानांचे निधन झाले आणि त्यानंतर अठरा वर्षांत पेशवाईही संपली. एका राज्याचा उदय आणि त्याचा शेवटचा आधार, दोन्ही एकाच नदीमुखाच्या दोन काठांवरून आले.

आज वेळासची ख्याती आहे ती ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांमुळे. थंडीच्या दिवसांत माद्या रात्री वाळूत अंडी घालून समुद्रात परततात. पूर्वी ही अंडी उकरून खाल्ली वा विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखण्यास आरंभ केला. आता अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवतात आणि सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर आलेली पिल्ले सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. तो सोहळा पाहावयास येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातील घरांतूनच होते. जीवदयेचा उपदेश अनेक ठिकाणी ऐकावयास मिळतो. ती पाळणाऱ्या गावाला त्यातूनच चार पैसेही मिळू शकतात, हे येथे पाहावयास मिळते. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ त्यासाठी योग्य आहे. पिल्लांना हात लावू नये आणि प्रखर दिवे वापरू नयेत, एवढे पथ्य पाळावे.

श्रीवर्धन, शेखाडी आणि दिवेआगर

तिसऱ्या दिवशी उत्तरेकडे निघावे. सुमारे वीस किलोमीटरवर श्रीवर्धन आहे. लक्ष्मीनारायण, जीवनेश्वर व सोमजाई ही येथील जुनी देवालये. बाळाजी विश्वनाथांचे हे जन्मगाव असून त्यांचे स्मारक येथे आहे. ज्या घराण्याच्या फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, त्या घराण्याचे जन्मगाव मात्र अखेरीस सिद्दीच्या जंजिरा संस्थानातच राहिले. १९४८ साली ते संस्थान विलीन झाले, तेव्हा श्रीवर्धनही मोकळे झाले.

श्रीवर्धनहून आरावी, शेखाडीमार्गे दिवेआगरला जाणारा रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला निळे पाणी असा हा प्रवास कोणालाही मोहात पाडील. तथापि शेखाडी हे नाव ऐकताच मुंबईच्या बाजारपेठेतील जुन्या मंडळींच्या मनात निराळीच आठवण जागी होते. १९९३ च्या प्रारंभी याच किनाऱ्यावर चोरून उतरविलेली स्फोटके त्या वर्षी १२ मार्चला शेअर बाजार, काथा बाजार, झवेरी बाजार व अन्य ठिकाणी फुटली आणि २५७ माणसे मृत्युमुखी पडली. व्यापाराला सोयीची असलेली खाडी राखण न केल्यास घातालाही तितकीच सोयीची ठरते. येथील गावकऱ्यांनी त्या घटनेचा डाग विनाकारण दीर्घकाळ सोसला. रस्त्याचे सौंदर्य पाहताना त्यांचेही स्मरण असावे.

दिवेआगरला सुरूच्या बनामागे लांबलचक, स्वच्छ किनारा आहे. गावातील रूपनारायण मंदिरात शिलाहारकालीन शिल्पकलेचा उत्तम नमुना असलेली विष्णुमूर्ती आहे. याच गावात सापडलेला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठीतील अतिप्राचीन लेखांपैकी एक गणला जातो. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेला मराठी लेख दीर्घकाळ मराठीतील आद्य लेख मानला जात असे. पुढे याच रायगड जिल्ह्यातील आक्षी येथील शके ९३४ चा शिलालेख त्याहून जुना असल्याचे दिसून आले. दिवेआगरच्या ताम्रपटाचा विषय स्तुती वा देवाख्यान नसून सोन्याचा व्यवहार आहे. आपल्या भाषेच्या जुन्यात जुन्या कागदपत्रांत देण्याघेण्याची नोंद असावी, याचे व्यापारी घरांना विशेष अप्रूप वाटेल.

सोन्याशी या गावाचे नाते पुढेही राहिले. १९९७ साली एका वाडीत जमीन खणताना गणपतीचा सुवर्ण मुखवटा सापडला आणि दिवेआगरला यात्रेकरूंची रीघ लागली. २०१२ च्या मार्चमध्ये तो चोरीस गेला आणि दोन रखवालदार मारले गेले. चोरीचे सोने वितळविलेल्या स्थितीत हाती आले. त्यातून पुन्हा घडविलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. दर्शनाला येणाऱ्यांनी त्या दोन रखवालदारांचीही आठवण ठेवावी.

वादळानंतरच्या वाड्या

या सर्व गावांचे खरे धन नारळी-पोफळीच्या वाड्या हे आहे. दिवेआगरच्या नावातील 'आगर' याच बागांवरून आले. मोठ्या, पांढऱ्या गराची श्रीवर्धनी रोठा सुपारी बाजारात नावाजलेली असून श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्रही आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने काही तासांत आजोबांनी लावलेली झाडे आडवी केली. पोफळ लावल्यापासून फळ धरीपर्यंत पाच ते सात वर्षे जातात, नारळालाही तितकीच किंवा अधिक. दुकान जळाले तर माल पुन्हा भरता येतो. वाडी पडली तर भांडवल आणि त्यावरील उत्पन्न दोन्ही जाते, आणि मधली वर्षे कोणी उसनी देत नाही.

त्या मधल्या वर्षांत अनेक घरांना पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचा आधार मिळाला. म्हणून मोठे हॉटेल शोधण्यापेक्षा वाडीतील घरगुती सोय स्वीकारणे अधिक इष्ट. आगाऊ कळविल्यास कांदा-लसूण व कंदमूळ वर्ज्य करून साधे शाकाहारी जेवण, ओल्या नारळाचे पदार्थ आणि उकडीचे मोदक करून देणारी घरे येथे आढळतात. सूर्यास्तापूर्वी भोजन हवे असल्यास तेही आधी सांगून ठेवावे. निघताना सुपारी, कोकम व नारळ थेट वाडीतूनच घ्यावेत आणि भावात फार घासाघीस करू नये.

एखादा दिवस हाती उरला तर परतीच्या वाटेवर मांदाडजवळील कुडा लेणी अवश्य पाहावीत. राजपुरी खाडीच्या वरच्या अंगास डोंगरात ही २६ बौद्ध लेणी कोरलेली आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांत श्रेष्ठी, सार्थवाह, लोखंडाचा व्यापारी व माळी हेही आहेत. त्यांच्या दुकानांचा आज मागमूस नाही, त्यांचा माल कोठे गेला तेही कोणास ठाऊक नाही. खाडीतून आलेल्या मिळकतीतला जो भाग त्यांनी डोंगराला दिला, तेवढाच त्यांच्या नावानिशी दोन हजार वर्षे टिकला आहे.