एकच कारखाना, चार किमती : हजिऱ्याच्या पोलादातून मूल्यांकनाचा धडा

सुरतेचे नाव निघाले की हिरे आणि साड्या यांच्यापलीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. परंतु या शहराजवळ, तापी नदी समुद्राला मिळते त्या हजिरा येथील एका पोलाद कारखान्याने देशातील बँका, न्यायाधिकरणे आणि जगातील बड्या पोलाद कंपन्या यांना सव्वादोन वर्षांहून अधिक काळ एकाच प्रश्नात गुंतवून ठेवले. या कारखान्याची किंमत किती, हा तो प्रश्न. एस्सार स्टीलचे हे प्रकरण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी आणि शेअर बाजारात चार पैसे गुंतवणाऱ्या प्रत्येकाने कागद-पेन्सिल घेऊन एकदा सोडवून पाहावे, असे आहे. पाठ्यपुस्तकात कंपनीचे मूल्यांकन हे सूत्र म्हणून भेटते. येथे ते खऱ्या पैशांसह भेटते.

प्रथम घटनाक्रम पाहू. रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये ज्या १२ मोठ्या थकीत खात्यांवर कारवाईचा आदेश दिला, त्यांत एस्सार स्टील होती. २ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठाने नादारी व दिवाळखोरी संहितेखालील अर्ज दाखल करून घेतला. ऑक्टोबर २०१८ मध्ये धनकोंच्या समितीने आर्सेलर मित्तलची योजना स्वीकारली, १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले आणि १६ डिसेंबर २०१९ रोजी कारखाना आर्सेलर मित्तल व जपानची निप्पॉन स्टील यांच्या संयुक्त कंपनीकडे गेला.

या काळात एकाच कारखान्याला चार आकडे चिकटले होते. तो मोडीत काढला तर हाती येणारे अवसायन मूल्य सुमारे १५,८०० कोटी रुपये. वित्तीय धनकोंचे मान्य झालेले दावे सुमारे ४९,४७३ कोटी. आर्सेलर मित्तलने देऊ केलेले ४२,००० कोटी, आणि त्याखेरीज कारखान्यात घालावयाचे ८,००० कोटी. शिवाय मालकी जाऊ नये म्हणून मूळ प्रवर्तकांनी ऐनवेळी पुढे केलेला ५४,३८९ कोटींचा प्रस्ताव, जो स्वीकारला गेला नाही. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा आकडा यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. लोखंड तेच, भट्ट्या त्याच, कामगारही तेच. मग अंतर आले कोठून?

ते शोधायचे तर स्वतः एक छोटे आर्थिक मॉडेल मांडावे लागते. एक्सेलचे कोरे पान घ्या आणि पहिल्या पानावर फक्त गृहीतके लिहा. या व्यवसायातील लोक गृहीतके निळ्या अक्षरांत आणि सूत्रे काळ्या अक्षरांत ठेवतात. सवय क्षुल्लक वाटते, पण आपण काय मानले आणि त्यातून काय निघाले हे वेगळे ठेवण्याची शिस्त तिच्यातूनच लागते. कारखान्याचे वार्षिक उत्पादन विक्रीच्या काळात ७५ लाख टनांच्या आसपास होते. व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा टनामागे ८,००० रुपये धरू. हा आकडा केवळ शिकण्यासाठी घेतलेला आहे. गुणाकार केला की वर्षाला ६,००० कोटी येतात. पोलाद कंपन्या अशा नफ्याच्या काही पट किमतीला विकल्या जातात. सातपट धरली तर उत्तर नेमके ४२,००० कोटी येते.

येथेच नवशिका फसतो. उत्तर जुळले म्हणजे मॉडेल बरोबर, असा त्याचा समज होतो. वस्तुतः तीन गृहीतके मनाजोगती निवडली तर कोणतेही उत्तर जुळवता येते. मॉडेलची परीक्षा गृहीतके हलवल्यावर होते, आणि हजिऱ्यात सर्वांत आधी हलवून पाहायचे गृहीतक आहे नैसर्गिक वायू.

हा कारखाना हजिऱ्यात उभा राहिला याचे मोठे कारण वायू हेच होते. समुद्रातील वायू किनाऱ्यावर येतो ते हे ठिकाण. उत्तरेकडे जाणारी हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी येथूनच निघते. कोकिंग कोळशाऐवजी वायूच्या साह्याने खनिजाचे स्पंज आयर्न करायचे आणि त्यापासून पोलाद, असा हा मार्ग. वायू स्वस्त असेतोवर तो किफायतशीर ठरतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ क्षेत्राचा वायू २००९ पासून ४.२ डॉलर दराने मिळू लागला; पुढे तेथील उत्पादन घसरले, खत व वीज प्रकल्पांना प्राधान्य मिळाले आणि २०११ पासून पोलाद उद्योगाच्या वाट्याला कपात आली. उरला पर्याय आयात केलेल्या द्रवरूप वायूचा.

आता हिशेब करा. एक टन स्पंज आयर्नला साधारण १० एमएमबीटीयू वायू लागतो. आयात वायू एककामागे ८ डॉलरनी महाग पडला आणि डॉलर ५० रुपयांचा धरला, तर टनामागे खर्च ४,००० रुपयांनी वाढतो. आपण गृहीत धरलेला निम्मा नफा एका फटक्यात गेला! कारखान्यात झोतभट्टी आणि कोरेक्सही असल्यामुळे प्रत्येक टनाला हा फटका पूर्ण बसत नाही, हे खरे. तथापि कागदावर १ कोटी टन क्षमता असलेला कारखाना तेवढे पोलाद का काढत नव्हता, याचे उत्तर बऱ्याच अंशी याच रकान्यात सापडते. त्यावर २०१५ च्या सुमारास चीनच्या स्वस्त पोलादाने बाजार पाडला. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला किमान आयात मूल्य लावावे लागले, इतका तो तडाखा मोठा होता. कर्जाचे व्याज मात्र वायू महागला म्हणून किंवा पोलाद स्वस्त झाले म्हणून कमी होत नाही.

गोव्यातील वाचकाला हे परके वाटू नये. आमोणे येथे बिडाचा प्रकल्प चालवणारी वेदांत कंपनी दुसऱ्या फेरीत याच कारखान्यासाठी बोली लावणाऱ्यांत होती. आणि एका निकालाने संपूर्ण उद्योगाचा हिशेब कसा कोलमडतो, हे ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्च २०१८ पासून आपण पाहिले आहेच. ट्रक व बार्ज कर्जावर घेणाऱ्यांच्या मॉडेलमध्ये खाण बंद पडण्याचा रकाना बहुधा नव्हता.

मूल्यांकनाची दुसरी, अधिक शास्त्रीय मानली जाणारी रीत म्हणजे पुढील वर्षांत हाती येणारी रोकड आजच्या किमतीत आणणे. पाच वर्षांनी सर्व खर्च भागवून वर्षाला ४,००० कोटी उरतील, त्यानंतर त्यात दरवर्षी ४ टक्के वाढ होईल, आणि जोखीम पाहता आपल्याला १२ टक्के परतावा हवा, असे धरू. पाचव्या वर्षानंतरच्या साऱ्या रोकडीचे मूल्य त्या वर्षी ५२,००० कोटी भरते आणि आजच्या किमतीत सुमारे २९,५०० कोटी. आता १२ च्या जागी १३ टक्के लिहा. तीच रक्कम सुमारे २५,१०० कोटींवर येते. एका टक्क्याने ४,४०० कोटी गेले. एवढ्या नाजूक आकड्यावर उभे असलेले मूल्यांकन कोणी दोन दशांश स्थळांपर्यंत सांगू लागला, तर सावध व्हावे हे बरे.

तुलनेची रीत सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत जास्त वापरली जाते. मे २०१८ मध्ये टाटा स्टीलने भूषण स्टीलसाठी ३५,२०० कोटी मोजले. त्या कंपनीची क्षमता ५६ लाख टन, म्हणजे टनामागे सुमारे ६३,००० रुपये. हजिऱ्याची कागदावरील क्षमता धरली तर टनामागे ४२,०००, आणि प्रत्यक्ष उत्पादन धरले तर ५६,००० पडतात. कोणता भागाकार खरा? वायूचा प्रश्न समजून घेतलेला माणूस दुसऱ्याकडे झुकेल. नवा कारखाना बांधण्याशी तुलना करायची तर ऑक्टोबर २०२२ मध्ये हजिऱ्याची क्षमता ९० लाखांवरून १.५ कोटी टनांवर नेण्यासाठी जाहीर झालेला ६०,००० कोटींचा विस्तार पाहावा. त्या रकमेत इतर सुविधाही धरलेल्या आहेत. तरी टनामागे १ लाख रुपये हा आकडा, जुना कारखाना घेण्यासाठी एवढी चुरस का लागली, ते सांगून जातो.

येथवर आपण कारखान्याची किंमत काढली. कंपनीच्या शेअरची किंमत ही निराळी गोष्ट आहे. कारखान्याच्या मूल्यातून कर्ज वजा केल्यावर जे उरते ते भागधारकाचे. ४२,००० मधून ४९,४७३ वजा करून पाहा. उत्तर ऋण येते आणि शेअरची किंमत ऋण असू शकत नाही, म्हणून ती शून्य होते. जुने भागभांडवल रद्द झाले ते याच अंकगणिताने. कारखाना धडधडत चालू आहे, माल खपतो आहे, म्हणजे शेअरमध्ये काहीतरी राहील, अशी समजूत करून कर्जबाजारी कंपन्यांचे स्वस्त शेअर घेणारे आपल्याकडे कमी नाहीत.

उरलेल्या रकमेची वाटणी हा या प्रकरणाचा सर्वांत कडवट भाग आहे. पहिल्या रांगेतील सुरक्षित धनको बँकांना दाव्याच्या सुमारे ९२ टक्के मिळणार होते. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचा दावा ३,४८७ कोटींचा. पण तिच्याकडे तारण होते ते परदेशी उपकंपनीच्या शेअरचे. तिला देऊ केले गेले ६०.७१ कोटी, म्हणजे १.७४ टक्के. माल व सेवा पुरवणाऱ्यांपैकी १ कोटीपर्यंत येणे असलेल्या लहानांची पूर्ण फेड ठरली होती. मोठ्या पुरवठादारांच्या वाट्याला आधी काहीच नव्हते. नंतर समितीने पुरवठादारांसाठी १,००० कोटींची तरतूद मान्य केली. जुलै २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने बँका आणि पुरवठादार यांना एकाच पंक्तीत बसवून सर्वांना ६०.७ टक्के द्यावेत असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. सुरक्षित आणि असुरक्षित धनको समान नाहीत आणि वाटणीचा व्यापारी निर्णय धनकोंच्या समितीचा, हे त्या निकालाचे सार. कायद्याच्या दृष्टीने ते सुसंगत आहे. परंतु उधारीवर माल देताना मोठे नाव पाहून निश्चिंत होणाऱ्या कंत्राटदाराने त्या निकालातील टक्केवारी एकदा नजरेखालून घालावी, असे मला वाटते. निकाल सर्वांना खुला आहे आणि मूल्यांकनाच्या कित्येक महागड्या अभ्यासक्रमांपेक्षा त्यात अधिक शिकण्यासारखे आहे.

विलंबाचाही एक रकाना ठेवावा. समितीची मंजुरी आणि प्रत्यक्ष पैसे यांत १४ महिने गेले. वर्षाला १० टक्के दराने पाहिले तर डिसेंबर २०१९ चे ४२,००० कोटी हे ऑक्टोबर २०१८ चे सुमारे ३७,६०० कोटीच होतात. बँकांचा ९२ टक्क्यांचा आकडा वाचताना ही घट कोणी मोजत नाही.

आणि एक रकाना बहुतेक विद्यार्थी विसरतात. हजिऱ्याच्या कारखान्याला लागून असलेला, त्याचा कच्चा माल उतरवून घेणारा धक्का आणि काही वीज प्रकल्प या विक्रीत नव्हतेच. ते एस्सार समूहाच्या इतर कंपन्यांकडे राहिले. दुसऱ्याच्या धक्क्यावर माल उतरवायचा म्हणजे दर टनामागे त्याचा आकार भरणे आले, आणि तो आकार ठरवण्याची ताकद धक्क्याच्या मालकाकडे. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये आर्सेलर मित्तल आणि तिच्या संयुक्त कंपनीने बंदरे, वीज आणि संलग्न सुविधा सुमारे २४० कोटी डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला. त्यांत पारादीप आणि विशाखापट्टणमच्या सुविधाही होत्या, त्यामुळे ती सगळी रक्कम हजिऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही. किती मांडावी, हे ठरवून आपल्या पानावरील ४२,००० चा आकडा पुन्हा काढून पाहावा.