आधी फॉरमॅट मारू नका

रॅन्समवेअर लागलेला पीसी गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला, की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारू, नवं विंडोज टाकू, संध्याकाळी घेऊन जा. सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. साध्या व्हायरसवर हा उपाय चालतोही. पण माझ्या ओळखीतल्या, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मुलाने तो मानला आणि सी-डी दोन्ही ड्राइव्ह पुसून घेतले. तीन लग्नसराईंचे फोटो गेले. रॅन्समवेअरने ते फक्त कुलूपबंद केले होते, नष्ट केलं ते फॉरमॅटने.

फाइलला कीड लागते, औषध मारलं की कीड मरते आणि फाइल बरी होते, अशी आपल्या मनातली कल्पना असते. या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिच्यातच आहे. रॅन्समवेअरचा प्रोग्रॅम ही एक गोष्ट आणि त्याने कुलूप घातलेली फाइल ही वेगळी गोष्ट. चोराला घराबाहेर काढलं म्हणून त्याने तिजोरीला घातलेलं कुलूप उघडत नाही. अँटिव्हायरस चोराला बाहेर काढू शकतो. कुलपाची किल्ली मात्र चोराच्या खिशात असते.

हे नीट कळावं म्हणून घरगुती संगणकांना सर्वाधिक छळणाऱ्या रॅन्समवेअर घराण्यांपैकी एक पाहू. त्याचं नाव स्टॉप-डीजेव्हीयू. ते येतं मुख्यतः क्रॅकमधून. फोटोशॉप, ऑफिस, एखादा गेम फुकटात चालवणारी फाइल उतरवायची, आणि सोबतची सूचना सांगते: आधी अँटिव्हायरस बंद करा. म्हणून 'आमच्याकडे अँटिव्हायरस आहे, आम्हाला काय होतंय' हे म्हणणं इथे टिकत नाही. दाराची कडी आपण स्वतः काढलेली असते.

आत शिरल्यावर ते विंडोज अपडेटसारखी दिसणारी एक खोटी खिडकी दाखवतं. अपडेट चाललंय असं समजून माणूस चहा प्यायला जातो. तेवढ्या वेळात फोटो, एक्सेल, पीडीएफ एकेक करून बंद होतात आणि प्रत्येक नावाला बहुधा चार अक्षरांचं नवं शेपूट लागतं. विंडोजने आपोआप राखलेल्या जुन्या प्रती पुसल्या जातात. सुरक्षेविषयीच्या साइट उघडू नयेत म्हणून होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये फेरफार होतो. ठरावीक वेळाने प्रोग्रॅम पुन्हा जागा व्हावा यासाठी एक शेड्यूल्ड टास्क लावून ठेवला जातो. अनेकदा सोबत पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही येतो. शेवटी फोल्डरांमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी पडते. वर्षानुवर्षे त्या चिठ्ठीतला आकडा ठरलेला होता: 980 डॉलर, 72 तासांत संपर्क केला तर निम्मे, म्हणजे 490.

शेपूट काढून पुन्हा 'जेपीजी' केलं की फोटो उघडेल, असं पुष्कळांना वाटतं. नाही उघडत. नाव हा पाटीचा भाग, आतला मजकूर बदललेला असतो. मात्र एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. वेळ वाचवण्यासाठी हे रॅन्समवेअर प्रत्येक फाइलचा साधारण पहिला 150 केबी भागच बदलतं. फोटो किंवा एक्सेल तेवढ्याने निकामी होतं, पण दोन जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओचा बाकी सगळा भाग शाबूत असतो. त्याच कॅमेऱ्यातली एखादी चांगली फाइल नमुन्याला घेऊन असे व्हिडिओ दुरुस्त करता येतात, पहिले काही क्षण सोडून. फॉरमॅट मारला की हाही मार्ग बंद.

आता किल्लीची गोष्ट. हा प्रोग्रॅम सुरू होताच टोळीच्या सर्व्हरकडे त्या संगणकापुरती वेगळी किल्ली मागतो. सर्व्हरशी गाठ पडली नाही तर पोटात आधीच ठेवलेली किल्ली वापरतो. त्या आवृत्तीने असे गाठलेल्या सगळ्यांची किल्ली मग एकच असते. चिठ्ठीतला वैयक्तिक आयडी 'टी1' या अक्षरांनी संपत असेल, तर ही सामाईक किल्ली लागली आहे असं समजावं. पैसे देऊन ती मिळवलेल्या एखाद्याने ती संशोधकांना दिली, की बाकीच्यांचीही सुटका होऊ शकते. ऑक्टोबर 2019 मध्ये एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने या घराण्याच्या 148 जुन्या आवृत्त्यांसाठी मोफत साधन काढलं. ज्यांनी बंद फाइली जपून ठेवल्या होत्या त्यांनाच त्याचा उपयोग झाला. त्याच वर्षी ऑगस्टनंतर आलेल्या आवृत्त्यांचं कुलूप पक्कं आहे. स्वतंत्र किल्ली लागली असेल तर ते आज उघडत नाही, आणि उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तरीही फाइली टाकू नयेत, कारण किल्ल्या अनपेक्षित वाटांनी बाहेर येतात. फेब्रुवारी 2024 मध्ये लॉकबिट टोळीवरच्या कारवाईत ब्रिटिश तपासयंत्रणेच्या हाती हजाराहून जास्त किल्ल्या लागल्या.

मग पैसे देऊन मोकळं का होऊ नये? 27 जून 2017 ला रॅन्समवेअरसारखं दिसणारं नॉटपेट्या पसरलं, तेव्हा न्हावाशेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही त्याच्या तडाख्यात सापडलं आणि कंटेनरचं काम अडलं. पडद्यावर 300 डॉलरची मागणी होती, पण सोबत दिसणारा आयडी निव्वळ यादृच्छिक अक्षरांचा होता. त्यावरून किल्ली काढणं ते पसरवणाऱ्यांनाही शक्य नव्हतं. खंडणीचा मुखवटा लावलेला तो विध्वंस होता. 2021 मध्ये अमेरिकेच्या कलोनियल पाइपलाइनने 75 बिटकॉइन मोजले. मिळालेलं साधन इतकं संथ निघालं, की कंपनीला स्वतःच्या बॅकअपवरूनच काम पुढे न्यावं लागलं.

तर करायचं काय? आधी नेट तोडा, पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढा. मोबाइलने पडद्याचा फोटो घ्या. बंद झालेल्या सगळ्या फाइली चिठ्ठीसकट एका कोऱ्या डिस्कवर उतरवा आणि त्या डिस्कवर तारीख लिहून ती कपाटात ठेवा. हे झाल्यावर मग खुशाल फॉरमॅट मारा, कारण शेड्यूल्ड टास्क आणि पासवर्डचोर यांना मुळापासून काढायचा तोच खात्रीचा उपाय आहे. क्रम उलटा करून आधी बॅकअप जोडलात, तर जागा असलेला प्रोग्रॅम तोही बंद करेल. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदला. तक्रार 1930 या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

किल्ली शोधायची ती 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये ते सुरू केलं, आणि ते मोफत आहे. यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली दिलेल्या लिंकवरून 'डिक्रिप्टर' उतरवू नका, हे मी कळकळीने सांगतो. 2020 मध्ये झोरॅब नावाचं रॅन्समवेअर डीजेव्हीयूचा डिक्रिप्टर असल्याचं भासवूनच फिरत होतं. आधीच बंद असलेल्या फाइलींवर ते दुसरं कुलूप घालायचं.

'माझं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे' हा दिलासाही अर्धाच खरा. संगणकावर सिंक चालू असेल तर बंद झालेली फाइलच वर जाते आणि चांगलीच्या जागी बसते. मात्र ड्राइव्ह अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या साधारण 30 दिवस ठेवतं. तेवढ्या मुदतीत सिंक थांबवून मागची आवृत्ती परत घेता येते.

तो फोटोग्राफर आता प्रत्येक लग्नानंतर दोन डिस्कवर प्रती करतो. एक स्टुडिओत, दुसरी बहिणीच्या घरी. प्रत करून झाली की दोन्ही वायरी काढून ठेवतो.