पोराची साखर आणि नसबंदीवरचा आळ



आडसाली लागणीच्या नोंदी घेत आम्ही भीमाकाठच्या एका गावी गेलो होतो. नोंद झाली, बेणेप्रक्रियेचं बोलणं झालं, चहा आला. थोरल्या पोराच्या कपात मात्र साखर नव्हती. पोर नऊ वर्षांचं. त्याला मधुमेह आहे, दिवसाला चार सुया टोचाव्या लागतात. आजीबाई म्हणाल्या, "साहेब, ह्याच्या बापानं आपरेशन केलं आन् वर्षाच्या आत पोराला हे लागलं." बाप खाली मान घालून बसलेला. एकरी साठ टन काढणारा गडी, आणि घरात गुन्हेगार!

आम्ही पडलो शेतकी पदविकावाले, डॉक्टरकी आमचं काम नव्हे. पण पीक वाळलं तर आधी मूळ उकरून बघावं, एवढं आम्हाला कळतं. म्हणून जाणकारांना विचारून आणि वाचून हे लिहीत आहोत.

मुलांना होणाऱ्या या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराचे राखणदारच उलटतात आणि स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकतात. गोड खाल्ल्याने हा रोग होत नाही. (आमची साखर खपावी म्हणून हे लिहिलेलं नाही. मोठ्यांचा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह वेगळा. तिथे सुटलेलं पोट आणि बाटलीतली गोड पेयं यांचा हात असतोच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः वजनाला हलकी, तरी अंगात चरबी जास्त, असं त्यांना दिसलं. दुसऱ्या प्रकाराची मुळं अशी आईच्या पोटापर्यंत जातात.)

आता नसबंदी. आळ कुठून आला? नस बांधली तरी बीज तयार होतच राहतं आणि अंगातच जिरतं. त्यामुळे निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात स्वतःच्याच बीजाविरुद्धची द्रव्यं सापडतात. शरीर स्वतःवरच उलटलं तर पुढे काय, ही शंका शास्त्रज्ञांनाही आली. १९७८ ते १९८० च्या सुमारास अमेरिकेत नसबंदी केलेल्या माकडांच्या रक्तवाहिन्या जास्त खराब झालेल्या दिसल्या, आणि घबराट उडाली. मग तिथेच दहा हजारांवर नसबंदीवाले पुरुष आणि तितकेच बिननसबंदीचे शेजारी यांची तुलना झाली. १९८४ साली निकाल आला : हृदयरोग वाढलेला नाही, शरीर स्वतःवर उलटण्याचे इतर रोगही वाढलेले नाहीत. शिवाय ही द्रव्यं बापाच्या रक्तात. पोर तर आपरेशनच्या कितीतरी आधी जन्मलेलं. ती त्याच्यापर्यंत जाणार कोणत्या पाटाने?

नसबंदीने कस जातो हेही खरं नाही. पुरुषी रस रक्तातून जातो, त्या नळीतून नव्हे. मात्र शंभरात एखाद-दुसऱ्याचं दुखणं रेंगाळतं, ते डॉक्टरांना दाखवावं. आणि पहिले तीन महिने, तपासणी होईपर्यंत, भरवसा धरू नये. लोकांच्या मनातली भीती आम्ही समजू शकतो. १९७६-७७ च्या एका वर्षात देशात साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यांत जबरदस्तीच्या किती तरी. त्याचा धसका असा बसला की २०१९-२१ च्या पाहणीत शस्त्रक्रिया केलेल्या बायका शंभरात ३७.९ आणि पुरुष ०.३! सगळा भार बायकांवर. या घरातला बाप त्या थोड्यांपैकी एक, आणि त्यालाच बोल.

खरा घोटाळा पुढेच आहे. सुया सुरू झाल्यावर काही महिने उरल्यासुरल्या पेशी तग धरतात, इन्शुलिन कमी लागतं आणि वाटतं, रोग गेला. याच घरात एका औषधवाल्याच्या सांगण्यावरून सुई बंद केली होती. पोर उलट्या करू लागलं, पोट धरून धापा टाकू लागलं. रात्रीच जीप करून सोलापूर गाठलं म्हणून वाचलं. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं गेलं, त्याआधी अशी मुलं जगत नसत. आजही दुसरा इलाज नाही.

ज्या घरात पोर अचानक फार पाणी पिऊ लागतं, रात्री अंथरूण ओलं करू लागतं, खाऊनही वाळतं, त्यांनी त्याच दिवशी साखर तपासून घ्यावी. इन्शुलिन उन्हात किंवा बर्फात ठेवू नये. फ्रीज नसेल तर बाटली कोरड्या डब्यात घालून ओल्या मातीच्या माठात ठेवावी. टोळीवाल्यांच्या कोपीतही हे जमतं. पोर घामाघूम होऊन थरथरायला लागलं तर साखर उतरली समजावं आणि लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

हे सगळं आम्ही परवा त्या घरी जाऊन सांगितलं. आजीबाईंनी ऐकून घेतलं, पटलं असं काही म्हणाल्या नाहीत. पण निघताना बघितलं, तर त्या एका चिंधीत साखर बांधून पोराच्या दप्तरात घालत होत्या. बापाने विचारलं, सुट्टीत पोराला फडावर न्यावं का? आम्ही म्हटलं, जरूर न्या, फक्त जेवणाची वेळ चुकवू नका.