विरजण, मिठागर आणि क्रिस्पर

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीला सांडपाण्यातून फाज वेगळा करायचं एक प्रॅक्टिकल असतं. पनवेल परिसरात मी हा विषय बरीच वर्षं शिकवला, आणि त्यातलं हे प्रॅक्टिकल मला सगळ्यांत प्रिय. आदल्या दिवशी मुलं गाढी नदीला मिळणाऱ्या एखाद्या नाल्याचं पाणी बाटलीत भरून आणतात. गाळ खाली बसवायचा, वरच्या पाण्यात क्लोरोफॉर्मचे थेंब टाकून हलवायचं. जिवाणू मरतात, फाज शाबूत राहतात. मग हे पाणी आणि ई. कोलाय या जिवाणूची ताजी वाढ पातळ अगारमध्ये मिसळून पेट्री डिशवर ओतायचं. अगार फार गरम असला तर जिवाणू भाजतात, निवला तर डिशवर गुठळ्या होतात. नळी मनगटाला लावून ऊब ओळखायला शिकेपर्यंत प्रत्येकाच्या दोन-तीन डिश वाया जातातच. दुसऱ्या दिवशी सकाळी डिश खिडकीकडे धरली की जिवाणूंच्या दुधी थरात टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ ठिपके दिसतात. फाज म्हणजे जिवाणूंवर जगणारा विषाणू. त्या प्रत्येक ठिपक्यात एका फाजच्या वंशावळीने जिवाणूंची अख्खी वस्ती फोडून टाकलेली असते.

एका वर्षी सुट्ट्या जोडून आल्या आणि एक डिश तीन-चार दिवस तशीच राहिली. ती टाकून देण्याआधी एका मुलीने नीट निरखून पाहिली. स्वच्छ ठिपक्याच्या मधोमध मोहरीहून बारीक एक वसाहत उगवली होती.

"मॅडम, ही कशी वाचली?"

मला या लेखात जे सांगायचंय ते तिच्या या प्रश्नाभोवतीच आहे. ज्या जनुकसंपादनाबद्दल आज वर्तमानपत्रं भरभरून लिहितात, ते जनुकं बदलायच्या ध्यासातून जन्माला आलेलं नाही. जिवाणू विषाणूपासून कसा वाचतो, एवढंच विचारत बसलेल्या माणसांच्या हाती ते लागलं. आणि हा प्रश्न विचारायला जे साहित्य लागतं, त्यातलं पुष्कळसं पनवेलच्या पंचक्रोशीत पडलेलं आहे.

तिच्या डिशपुरतं उत्तर बहुधा साधं होतं. फाज जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या रेणूला धरून आत शिरतो. तो रेणू बदललेला एखादा जिवाणू गर्दीत आधीपासूनच असला, तर फाजला धरायला जागाच मिळत नाही. पण काही जिवाणू शत्रूला दारात अडवत नाहीत, घरात घेऊन कापतात. विषाणूचा डीएनए आत आला की विशिष्ट अक्षरक्रम ओळखून त्याचे तुकडे करणारी विकरं त्यांच्याकडे असतात. स्वतःच्या डीएनएवर मात्र खुणा केलेल्या असल्यामुळे तो कापला जात नाही. वेर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना या विकरांसाठी १९७८ चं नोबेल मिळालं. आधुनिक जैवतंत्रज्ञानाचा पायाच या विकरांनी घातला. म्हणजे जिवाणूच्या संरक्षणातून माणसाला मिळालेलं क्रिस्पर हे दुसरं दान.

त्याची गोष्ट मिठागरापासून सुरू होते.

स्पेनमध्ये आलिकांतेजवळ सांता पोला नावाची मिठागरं आहेत. फ्रान्सिस्को मोहिका हा विद्यार्थी तिथल्या खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या हॅलोफेरॅक्स या सूक्ष्मजीवाच्या डीएनएचा अभ्यास करत होता. त्याला एक चमत्कारिक रचना दिसली, जिला आज क्रिस्पर म्हणतात: साधारण ३० अक्षरांचा एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो, आणि दोन आवृत्त्यांच्या मधे साधारण ३६ अक्षरांचा वेगळा मजकूर असतो. १९९३ मध्ये त्याने ते छापलं. जपानमध्ये योशिझुमी इशिनो यांना १९८७ मध्येच ई. कोलायमध्ये अशी रचना दिसली होती, पण तिचा अर्थ कुणाला लागत नव्हता. मोहिकाने दहा वर्षं पिच्छा सोडला नाही. मधले तुकडे तो संगणकावरच्या डीएनए-संग्रहांशी ताडून पाहत राहिला आणि २००३ मध्ये त्याला जुळणी सापडली: ते तुकडे विषाणूंचे होते. पूर्वी हल्ला करून गेलेल्या शत्रूची ओळख जिवाणू स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतो आणि पुढच्या पिढ्यांना देतो. इतकी मोठी गोष्ट, पण एकामागून एक नियतकालिकांनी लेख परत केला. तो २००५ मध्ये छापून आला.

हे वर्गात सांगताना मी नेहमी थांबते, कारण समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरी मिठागराचं काम झालेलं असतं. आगरी हे नावच आगरावरून आलेलं. पनवेल-उरण-पेणच्या खाडीकाठी भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत सोडत आटवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम. पाणी फार दाट झालं की त्याला गुलाबी-तांबूस झाक येते, हे आगरात राबलेल्या माणसाला ठाऊक असतं. तो रंग मोहिकाच्या हॅलोफेरॅक्सच्या भाऊबंदांचाही असतो. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून हेच खारप्रिय सूक्ष्मजीव कारण असल्याचं सांगितलं होतं. इकडे खाडीकाठच्या कित्येक कोंड्या भराव टाकून बुजल्या. त्यांच्या पाण्यात कोणते सूक्ष्मजीव होते आणि त्यांनी कोणत्या विषाणूंच्या नोंदी जपल्या होत्या, हे आता कुणाला पाहता येणार नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोहिकाचा तर्क प्रयोगाने सिद्ध झाला तो विरजणामुळे. दह्यात जे जिवाणू काम करतात त्यांत स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा एक मुख्य. दही-चीजच्या मोठ्या कारखान्यात विरजणात फाज शिरला की हजारो लिटर दूध न लागता तसंच राहतं, त्यामुळे फाज म्हणजे धंद्याला लागलेली कीडच. डॅनिस्को या कंपनीतल्या रोडॉल्फ बारांगू आणि फिलिप होर्व्हाथ यांच्या गटाने हे विरजण मुद्दाम फाजच्या तोंडी दिलं आणि वाचलेले जिवाणू उचलले. त्यांच्या क्रिस्परमध्ये त्याच फाजचे नवे तुकडे जोडले गेले होते. ते तुकडे काढले की जिवाणू पुन्हा बळी पडत. हा २००७ चा शोधनिबंध मी दरवर्षी मुलांना वाचायला लावते. त्यात अवघड असं काही नाही. आमच्या सांडपाण्याच्या प्रॅक्टिकलचाच तो पुढचा भाग आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या नोंदीवरून आरएनएची एक प्रत निघते, कॅस ९ नावाचं प्रथिन ती प्रत हाती धरून जुळणारा डीएनए शोधतं आणि कापतं. २०१२ मध्ये एमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवलं की ही प्रत आपल्याला हवी तशी लिहिता येते. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पेशी तो काप सांधायला धावते, आणि सांधताना जनुक बंद पाडता येतं किंवा मजकूर बदलता येतो.

त्यानंतर जिवाणूंच्या संरक्षणाचा अभ्यास थंडावायला हवा होता, झालं उलटंच. इस्रायलमध्ये रोटेम सोरेक यांच्या गटाने २०१८ पासून जिवाणूंच्या डीएनएत संरक्षणाच्या नवनव्या यंत्रणा शोधून काढल्या, आणि आज अशा शंभराहून अधिक यंत्रणा ठाऊक आहेत. त्यांतल्या काहींचे नातेवाईक माणसाच्या पेशीत आहेत: विषाणूचा डीएनए पाहून धोक्याची सूचना देणारी आपली एक यंत्रणा जिवाणूंकडेही सापडते. मला हे जनुकसंपादनाहूनही विलक्षण वाटतं.

आता घराजवळचं. खारघर पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतं. तिथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आहे. ४ जून २०२१ रोजी देशातला पहिला कार-टी पेशींचा उपचार तिथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात झाला. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने या पेशी घडवल्या होत्या. पुढे 'नेक्सकार १९' या नावाने त्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते तो सुरू झाला; खर्च परदेशातल्या अशा उपचाराच्या साधारण एक दशांश. यात क्रिस्पर नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. रुग्णाच्याच टी पेशी काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत नवं जनुक घालतात, म्हणजे त्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी ओळखू लागतात. तरीही पेशी बाहेर काढायच्या, बदलायच्या, मोजायच्या आणि सुरक्षितपणे परत द्यायच्या, ही सारी कारागिरी उद्याच्या क्रिस्पर-उपचारांनाही लागणार आहे. ती शिकलेले हात आपल्या शहरात आहेत.

असे उपचार महाराष्ट्राला कशासाठी हवेत, याचं उत्तर सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत हा आजार घराघरात दुःख देतो. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रुग्णाला हाडं पिळवटणाऱ्या वेदना होतात. 'कॅसजेव्ही' या पहिल्या क्रिस्पर-उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी फ्रान्सिसेला या जिवाणूचं कॅस ९ घेऊन काम उभं केलं. करोनाकाळातली 'फेलूदा' चाचणी त्यातूनच आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकलसेलवरच्या 'बिरसा १०१' या स्वदेशी क्रिस्पर-उपचाराची घोषणा झाली आणि ते तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं गेलं. नाव बिरसा मुंडा यांचं, हे योग्यच झालं. पण औषध स्वस्त झालं म्हणजे काम संपत नाही. कॅसजेव्हीसारख्या उपचारात आधी मूळ पेशी काढतात, मग जोरकस औषधांनी रुग्णाची मज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी आत सोडतात; कित्येक आठवडे रुग्णालयात राहावं लागतं. धडगावच्या पाड्यावरचं मूल आणि त्याची आई इतके दिवस कुठे राहणार, रोजची मजुरी बुडाली तर मागे राहिलेलं घर काय खाणार, याची आखणी प्रयोगशाळेइतक्याच गंभीरपणे व्हायला हवी.

भाताचंही असंच आहे. पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. बांध फुटून किंवा उघाडी निकामी होऊन खाडीचं पाणी शिरलेल्या शेतात तग धरणारे 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' हे भाताचे वाण तिथलेच. संकर आणि निवड या जुन्या, सावकाश वाटेने घडवलेले. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतल्या 'पुसा डीएसटी राइस १' मध्ये एक जनुक बंद पाडून दुष्काळ आणि खारेपणा सोसण्याची ताकद वाढवली आहे, असं सांगितलं जातं. बाहेरचं जनुक न घालता केलेल्या अशा बदलांना २०२२ मध्येच कडक नियमांतून सूट मिळाली होती. चाचण्यांची आकडेवारी आणि पेटंटचे हक्क यांवर शेतकरी संघटनांनी व कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतले, आणि ते मला रास्त वाटतात. हे वाण आपल्या खारजमिनीत 'पनवेल ३' शेजारी लावून पाहावेत आणि जे येईल ते शेतकऱ्यांसमोर उघड मांडावं, एवढी साधी मागणी आहे.

मुलं हे सगळं शिकतात कुठे? पनवेलच्या महाविद्यालयांत, भाताणच्या विद्यापीठात, बेलापूरच्या जैवतंत्रज्ञान संस्थेत. पीएचडीसाठी काही ॲक्ट्रेकला पोचतात. क्रिस्परची आकृती आता पदवीचा कोणताही विद्यार्थी काढतो. पण ज्या महाविद्यालयात मी सगळ्यांत जास्त वर्षं होते, तिथे आकृतीपुढे काही नव्हतं. विकराची एक लहानशी कुपी मागवायची तर महिनोन्‌महिने मंजुरी यायची नाही, आणि आली की वीज जाऊन फ्रीजमधलं सामान खराब झालेलं असायचं. हुशार मुलं लिहून लिहून पास झाली आणि औषध कंपन्यांत कागदपत्रं सांभाळायला लागली. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष संशोधनाचं घेता येतं. ते वर्ष पुन्हा नोट्सवर जाऊ नये असं मला फार वाटतं.

पैसे नसताना काय करता येतं, हे त्या डिशवाल्या मुलीनेच मला दाखवलं. तिने दह्याच्या जिवाणूचा अक्षरक्रम एनसीबीआयच्या खुल्या संग्रहातून उतरवून घेतला, महाविद्यालयाच्या जुन्या संगणकावर उघडला आणि पुन्हा पुन्हा येणारा मजकूर रंगीत पेनाने छापील कागदावर अधोरेखित केला. मग मधले तुकडे एकेक करून फाजच्या अक्षरक्रमांशी ताडले. मोहिकाने केलं तेच काम, तेवढ्याच साधनांत. पहिली जुळणी सापडली तेव्हा संध्याकाळी साडेसहाला तिचा फोन आला होता. पाठीमागे पनवेल स्टेशनची घोषणा ऐकू येत होती.

पुढच्या उन्हाळ्यात तिने उरणकडच्या एका मिठागरातून आटत आलेलं तांबूस पाणी आणलं. पाव हिस्सा मीठ असलेल्या अगारवर ते पसरलं, डिश सुकू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधल्या आणि इनक्युबेटरच्या खालच्या फळीवर ठेवल्या. पहिल्या आठवड्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात शिपाईकाका त्या टाकून देणार होते, तर तिने पिशवीवर मोठ्या अक्षरांत "टाकू नये" असं लिहून ठेवलं. अठराव्या दिवशी पिशवी सोडली तेव्हा मिठाचे बारीक खडे चमकत होते आणि त्यांच्यामध्ये डाळिंबाच्या दाण्यासारखे लालसर, ओलसर, इवलेसे ठिपके उगवले होते.