मजुरी वाढवायची की कर सोडायचा?

न्यू जर्सी, मार्च २०२६



अमेरिकेत सध्या प्राप्तिकराची विवरणपत्रे भरण्याची लगबग आहे. १५ एप्रिल ही शेवटची तारीख. हॉटेलातले वेटर, सलूनमधले कारागीर, टॅक्सीचालक आणि कारखान्यांतले कामगार यंदा पहिल्यांदाच एक नवी वजावट मागत आहेत. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांची सही झालेल्या कायद्याने टिपच्या उत्पन्नातली वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. ओव्हरटाइमच्या जादा मोबदल्याला साडेबारा हजारांची मर्यादा आहे. नवरा-बायकोचे विवरणपत्र एकत्र असेल तर २५ हजारांची. सवलत २०२८ पर्यंतच्या चार वर्षांसाठी आहे. टिपवरचा कर काढण्याची घोषणा ट्रम्प यांनी जून २०२४ मध्ये लास वेगासला केली आणि दोन महिन्यांत कमला हॅरिस यांनीही त्याच शहरात तेच वचन दिले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष कष्टकऱ्यांच्या नावाने इतक्या सहज एक होतात, तेव्हा कष्टकऱ्याच्या हाती नेमके काय पडले ते मोजून पाहायलाच हवे.

मोजायला बसले की पहिलाच हिशेब खटकतो. इथे एकट्या माणसाला २०२५ साली १५,७५० डॉलरची प्रमाणित वजावट आधीच मिळते. वर्षाला १८ हजार डॉलर कमावणाऱ्या वेटरचे करपात्र उत्पन्न उरते २,२५० आणि त्यावरचा कर २२५ डॉलर. म्हणजे नव्या कायद्याने त्याचे फार तर २२५ डॉलर वाचतील. लास वेगासच्या बड्या हॉटेलात टिप धरून ७० हजार कमावणाऱ्याने २५ हजारांची पूर्ण वजावट घेतली, तर त्याचे साडेतीन हजारांहून अधिक वाचतात. येल विद्यापीठाच्या अभ्यासगटाने दाखवले आहे की टिपवर जगणाऱ्यांपैकी सुमारे ३७ टक्के लोकांचे उत्पन्न २०२२ साली इतके कमी होते, की त्यांना केंद्राचा प्राप्तिकर लागूच नव्हता. जो कर भरतच नाही, त्याला काय माफ करणार? गरिबालाही चुकत नाही अशी जी ७.६५ टक्क्यांची सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरची (ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याची) कपात, ती टिपवर पूर्वीसारखीच होते. आणि त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारा, ज्याच्यापर्यंत गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही, तो तेवढ्याच कमाईवर पूर्ण कर भरतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या वाचकाला हे कोडे नवे वाटू नये. शेतीचे उत्पन्न आपल्याकडे प्राप्तिकरातून मुक्त आहे. त्या मुक्तीने दिग्रस तालुक्यातल्या कोरडवाहू कापूस उत्पादकाचे कर्ज फिटले का? त्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आसपासही नसते. त्याचा प्रश्न भावाचा आहे: मध्यम धाग्याच्या कापसाला २०२५-२६ साठी क्विंटलला ७,७१० रुपयांचा हमीभाव जाहीर झाला, तो प्रत्यक्षात हाती पडतो का, हा. अमेरिकन वेटरचा भाव म्हणजे त्याचा पगार, आणि खरे दुखणे तिथेच आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला अवघे २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला चालते. टिप धरून ७.२५ डॉलरचे किमान वेतन भरले म्हणजे झाले. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून आणि ७.२५ चा २००९ पासून हललेला नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा सात राज्यांनी ही पळवाट बंद करून टिपशिवायच पूर्ण किमान वेतन द्यायला लावले आहे. तरीही तिथली हॉटेले चालतात.

या पळवाटेला जुना इतिहास आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने झोपण्याच्या रेल्वेडब्यांवर कृष्णवर्णीय पोर्टर नेमले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. त्यांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये उभी राहिली आणि १९३७ च्या करारात पगारवाढ मिळाली, महिन्याचे काम २४० तासांवर आले. त्या माणसांनी मागितले ते पक्के वेतन आणि विश्रांती.

ओव्हरटाइमची बाजू अधिक विचार करायला लावते. १९३८ च्या कायद्याने जादा तासांना दीडपट दर लावला, तो मालकाला लांब पाळी महाग पडावी आणि काम अधिक हातांत वाटले जावे म्हणून. आता सरकार त्याच जादा तासांना उत्तेजन देत आहे. फ्रान्सने हा प्रयोग २००७ मध्ये केला. प्रत्यक्ष कामाचे तास फारसे वाढले नाहीत; अधिक पगाराच्या लोकांनी कागदावर ओव्हरटाइम जास्त दाखवला, असे तिथल्या अर्थशास्त्रज्ञांना आढळले. अलाबामा राज्याने २०२४ मध्ये अशीच माफी दिली. महसुलाची तूट अंदाजाच्या कितीतरी पट निघाली आणि जून २०२५ नंतर ती माफी संपू दिली गेली.

यावर आक्षेप येतो की दहा-दहा तास राबणाऱ्याला चार पैसे सुटत असतील तर बिघडले कुठे? आक्षेप खोटा नाही. तासाला २० डॉलरच्या कामगाराने वर्षात ५०० तास ओव्हरटाइम केला, तर दीडपटीतला वरचा अर्धा भाग, म्हणजे ५ हजार डॉलर वजा होतात आणि १२ टक्के दराने ६०० डॉलर वाचतात. त्या घरात एवढी रक्कम मोलाचीच. पण तेवढेच कमावणारी, एकाच पाळीत काम करून लेकरांसाठी वेळेवर घरी जाणारी बाई ती सवलत का गमावते, याचे उत्तर कायद्यात नाही. सगळ्यांचीच प्रमाणित वजावट वाढवली असती तर दोघांनाही न्याय मिळाला असता. दुसरा युक्तिवाद असा, की टिप ही गिऱ्हाइकाची खुशी आहे, सरकारचा तिच्यावर हक्क काय? ती खुशी असती तर मालकाने तिच्यातून पगार वळता करून घेतलाच नसता.

आपल्या राज्यातही हा विषय आता दूरचा नाही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. पाळी लांबली की ‘ओव्हरटाइम करमुक्त करा’ ही मागणी अमेरिकेतल्यासारखीच गोड वाटू लागेल. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, तेव्हा कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये राबणाऱ्याला अशा माफीतून दमडीही मिळणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा तासांना दुप्पट दर ठरवून दिला, तो अमेरिकेच्या दीडपटीहून उदार आहे. त्या मजुराचे जादा तास हजेरीपटावर पूर्ण लिहिले जातात का आणि दुप्पट दराने त्याच्या खात्यात येतात का, हे त्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि कामगार अधिकाऱ्यांनी या हंगामापासूनच तपासावे.