ताणजन्य मूत्रस्राव : आधारपट्टी शस्त्रक्रिया

खोकणे, शिंकणे, हसणे किंवा ओझे उचलणे यांमुळे उदरातील दाब एकाएकी वाढला असता इच्छेविरुद्ध मूत्र बाहेर पडते, या विकाराला ताणजन्य मूत्रस्राव म्हणतात. येथे ताण म्हणजे मानसिक ताण नव्हे, तर शरीरावर पडणारा भार होय. प्रसूतीत श्रोणितलाच्या स्नायूंना झालेली इजा, वाढते वय व लठ्ठपणा ही स्त्रियांमधील प्रमुख कारणे आहेत. हा विकार प्राणघातक नाही. तथापि त्यामुळे अनेक स्त्रिया प्रवास, समारंभ व श्रमाची कामे टाळू लागतात आणि संकोचापोटी वर्षानुवर्षे उपचार घेत नाहीत.

श्रोणितलाचे व्यायाम व वजन घटविणे हे पहिले उपाय होत. त्यांनी गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. निरोगी स्त्रीमध्ये दाब वाढताच मूत्रमार्ग त्याच्या खालील ऊतकांवर दाबला जाऊन मिटतो. हा आधार सैल झाल्यास मूत्रमार्गाखालून पट्टी घालून तो पुन्हा निर्माण करतात. ही शस्त्रक्रिया ‘स्लिंग’ या नावानेही ओळखली जाते.

प्रारंभी पट्टीसाठी रुग्णाचेच ऊतक वापरीत. जोर्दानो यांनी १९०७ मध्ये मांडीचा स्नायू, तर ऑल्ड्रिज यांनी १९४२ मध्ये उदरभित्तीची प्रावरणी वापरली. मॅग्वायर व लिटन यांनी १९७८ मध्ये प्रावरणीच्या पट्टीचे सुधारित तंत्र प्रसिद्ध केले. स्वीडनमधील उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये पॉलिप्रोपिलीनच्या जाळीदार फितीची पद्धती वर्णिली. तीत फीत मूत्रमार्गाच्या मध्यभागाखाली, ताण न देता ठेवतात. छेद लहान असल्याने ही पद्धती झपाट्याने पसरली. जांघेतून फीत घालण्याची रीत २००१ मध्ये फ्रान्समध्ये दलॉर्म यांनी मांडली.

दीर्घकालीन परिणाम : यासंबंधीचे आकडे परस्परविरोधी भासतात, कारण यशाचा निकष सर्वत्र सारखा नसतो. उत्तर युरोपात १९९५-९६ मध्ये फीत बसविलेल्या ९० स्त्रियांचा पाठपुरावा करून १७ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. खोकल्याच्या चाचणीत तपासलेल्या स्त्रियांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणींना मूत्रस्राव झाला नाही आणि ८७ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झालो किंवा पुष्कळ सुधारणा झाली, असे सांगितले. अमेरिकेतील ६५५ स्त्रियांच्या अभ्यासात मात्र प्रावरणीची पट्टी व बर्च यांची टाके घालून आधार देण्याची शस्त्रक्रिया यांची तुलना केली होती. तेथील निकष कडक होता. त्यानुसार पाच वर्षांनंतर पूर्णतः कोरड्या राहिलेल्या स्त्रियांचे प्रमाण अनुक्रमे सु. ३१ व २४ टक्केच आढळले. तरीही समाधानी स्त्रियांचे प्रमाण अनुक्रमे ८३ व ७३ टक्के होते. याचा अर्थ, थोडा स्राव उरला तरी त्रास घटल्याने जीवन सुसह्य झाले, असे अनेकींना वाटले. प्रावरणीच्या पट्टीनंतर मूत्रविसर्जनातील अडचणी व मूत्रमार्गाचा संसर्ग मात्र अधिक आढळला.

उपद्रव : जाळीदार फीत योनिभित्तीतून उघडी पडणे, चिरकारी वेदना, समागमाच्या वेळी वेदना व मूत्र अडणे हे प्रमुख उपद्रव आहेत. ऊतके जाळीत वाढून एकजीव होत असल्याने फीत पूर्णतः काढणे कठीण असते. इंग्लंडमधील ९५,०५७ स्त्रियांच्या नोंदींवरील २०१८ मधील अभ्यासात नऊ वर्षांत ३.३ टक्के स्त्रियांची फीत अंशतः वा पूर्णतः काढावी लागल्याचे आणि ४.५ टक्के स्त्रियांवर मूत्रस्रावासाठी पुन्हा शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. हे प्रमाण अल्प असले, तरी ज्यांना वेदना जडल्या त्यांची तक्रार दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये या फितीचा नेहमीचा वापर स्थगित करण्यात आला. २०२० मधील बॅरोनेस कंबरलेज यांच्या चौकशी अहवालाने रुग्ण स्त्रियांचे म्हणणे ऐकले गेले नाही, असा निष्कर्ष काढला.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला स्वतःचे ऊतक व कृत्रिम फीत या दोन्ही पर्यायांचे लाभ व धोके समजावून सांगणे आवश्यक ठरते. बरे होणे म्हणजे पूर्ण कोरडेपणा, की त्रासातून सुटका, हे स्त्रीच्या अपेक्षेवर अवलंबून असते. ती अपेक्षा आधीच स्पष्ट झाल्यास निर्णय योग्य होतो.